बिनतारी विजेचे माप कोण ठरवणार?

बिनतारी वीज ही भविष्यातली गोष्ट आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी आपल्या मोटारीच्या समोरच्या काचेकडे एकदा पाहावे. तिथे चिकटवलेल्या फास्टॅगच्या पट्टीत बॅटरी नसते. टोलनाक्यावरचे यंत्र ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील लहरी सोडते. त्या लहरींमधून मिळालेल्या ऊर्जेवरच पट्टीतली चिप जागी होते, आपला क्रमांक परत पाठवते आणि पुन्हा निद्रिस्त होते. फेब्रुवारी २०२१ च्या मध्यापासून राष्ट्रीय महामार्गांवरील नाक्यांवर ही पट्टी चारचाकी वाहनांना अनिवार्य झाली. म्हणजे भारत सरकारने कोट्यवधी नागरिकांना बिनतारी विजेवर चालणारे एक छोटे उपकरण वापरण्याची सक्ती केली आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. दुकानात यंत्राला नुसते टेकवायचे बँकेचे कार्डही याच रीतीने चालते. फरक इतकाच, की त्याची वारंवारिता १३.५६ मेगाहर्ट्झ असते आणि अंतर चार बोटांहून अधिक चालत नाही.

यातून वाहणारी वीज मायक्रोवॅटमध्ये मोजली जाते. आता मात्र तोच मार्ग फोन, घड्याळ, कानातले ध्वनियंत्र, दाताचा विजेवरचा ब्रश, दाढीचे यंत्र आणि टेबलावरचा दिवा यांच्यासाठी खुला झाला आहे. स्वयंपाकघरातली किटली व मिक्सर हे उद्याचे उमेदवार आहेत. बिनतारी वीजपुरवठ्याची प्रमाणे ठरवणाऱ्या वायरलेस पॉवर कन्सॉर्शियम या कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघाने स्वयंपाकघरासाठी ‘की’ नावाचे प्रमाण आखले असून त्याची मर्यादा २२०० वॅट आहे. फास्टॅगच्या दहा मायक्रोवॅटपासून तिथपर्यंतचा पल्ला वीस कोटी पटींहून मोठा आहे. एवढा पल्ला ओलांडणाऱ्या तंत्रज्ञानाला ‘सोय’ एवढेच नाव देऊन स्वस्थ बसणे शासनाला परवडणारे नाही. या विजेचे माप कोण ठरवणार, कोणत्या कसोटीवर ठरवणार आणि ते ग्राहकाला कळणार की नाही, हा खरा प्रश्न आहे.

फॅरेडे, टेस्ला आणि बोस

मूळ तत्त्व दोनशे वर्षांच्या घरात पोहोचले आहे. ऑगस्ट १८३१ मध्ये मायकेल फॅरेडे यांनी लोखंडी कड्याच्या दोन बाजूंना तारेची दोन वेटोळी गुंडाळली. एका वेटोळ्यातील प्रवाह सुरू वा बंद केला, की एकमेकांना न चिकटलेल्या दुसऱ्या वेटोळ्यात क्षणभर वीज उमटते, हे त्यांनी दाखवून दिले. शाळेच्या पुस्तकात आपण याला विद्युतचुंबकीय प्रवर्तन म्हणतो. गल्लीच्या तोंडाशी उभा असलेला ट्रान्सफॉर्मर याच तत्त्वावर चालतो. त्यातील दोन वेटोळ्यांमध्येही तारेचा जोड नसतो. ट्रान्सफॉर्मरमधले लोखंड काढून टाकावे, वेटोळी एकमेकांपासून जराशी दूर करावीत आणि प्रवाहाची दिशा सेकंदाला लाख-दीड लाख वेळा उलटसुलट करावी, की फोनची बिनतारी चार्जिंग तबकडी तयार होते.

निकोला टेस्ला यांची झेप याहून फार मोठी होती. १८९९ मध्ये कोलोराडो स्प्रिंग्ज येथे प्रयोग करून १९०१ पासून त्यांनी न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर वॉर्डनक्लिफचा मनोरा उभारायला घेतला. जे. पी. मॉर्गन या सावकाराने दीड लाख डॉलर दिले आणि मग हात आखडता घेतला. १९१७ मध्ये तो मनोरा पाडला गेला. पैसे थांबले म्हणून स्वप्न भंगले, अशी हळहळ आजही व्यक्त होते. ती अर्धवट आहे. सर्व दिशांना पसरणारी ऊर्जा अंतराबरोबर झपाट्याने विरळ होत जाते, या निसर्गनियमाला मॉर्गन यांच्या तिजोरीतही उतारा नव्हता.

त्याच सुमारास, म्हणजे १८९५ च्या आसपास, जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये अदृश्य लहरींच्या साहाय्याने दूरची घंटा वाजवली व बंदुकीची दारू पेटवली. हा प्रयोग बिनतारी विजेचा म्हणून सांगितला जातो, तेव्हा एक भेद निसटतो. घंटा वाजवण्याची शक्ती लहरींनी आणली नव्हती. लहरींनी फक्त कळ दाबली होती. निरोप पोहोचवणे आणि शक्ती पोहोचवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आकाशवाणीच्या केंद्रातून निघालेल्या शक्तीचा कोट्यंशही आपल्या रेडिओपर्यंत येत नाही, तरी निरोप स्वच्छ ऐकू येतो. फोनच्या बॅटरीला निरोप नको असतो, तिला वॅट हवे असतात. म्हणूनच मार्कोनी यांचा बिनतारी संदेश विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच समुद्र ओलांडून रुळला आणि टेस्ला यांची बिनतारी वीज मात्र शंभर वर्षे खोळंबली.

२००७ मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी दोन्ही वेटोळी एकाच वारंवारितेला जुळवून, म्हणजे अनुनाद साधून, दोन मीटरवरचा ६० वॅटचा दिवा पेटवून दाखवला. कार्यक्षमता सुमारे ४० टक्के होती. याचा सरळ अर्थ असा, की साठ वॅटच्या प्रकाशासाठी दीडशे वॅट ओतावे लागले. प्रयोगशाळेसाठी तो विजय होता, पण वीजबिल भरणाऱ्याला तो व्यवहार मानवणारा नव्हता. बाजाराने त्यातून योग्य तो बोध घेतला आणि मीटरची भाषा सोडून मिलिमीटरची धरली. २००८ मध्ये वर उल्लेख केलेला संघ स्थापन झाला आणि २०१० मध्ये त्याने ‘ची’ हे पहिले प्रमाण जाहीर केले. चिनी भाषेत या शब्दाचा अर्थ प्राणशक्ती असा होतो. तेव्हा त्याची मर्यादा ५ वॅट होती. २०२३ च्या दुसऱ्या आवृत्तीत चुंबकांच्या साहाय्याने फोन बरोबर जागी बसवून १५ वॅट देण्याची सोय आली.

शेवटच्या दोन बोटांमधली गळती

आता थोडा हिशेब मांडू. आजच्या मध्यम प्रतीच्या फोनच्या बॅटरीत सुमारे १९ वॅट-तास ऊर्जा मावते. ती रोज एकदा पूर्ण भरली, तर वर्षाला साधारण सात युनिट वीज बॅटरीत उतरते. तारेने भरताना भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी ८० टक्के कामी आली असे धरले, तर पावणेनऊ युनिट खर्च होतात. बिनतारी तबकडीवर ६५ टक्के धरले, तर पावणेअकरा. फरक दोन युनिटांचा. शिवाय फोन तबकडीवर नसतानाही ती ‘कोणी आले का’ हे तपासत जागी असते. त्यासाठी वॅटचा तिसरा हिस्सा जरी लागला, तरी वर्षभरात अडीच युनिट जातात. एकूण साडेचार युनिट झाले. घरगुती दराने ही रक्कम वर्षाला पंचवीस-तीस रुपयांच्या पुढे जात नाही. एवढ्यासाठी कोणीही ग्राहक तक्रार करणार नाही आणि करूही नये.

मात्र धोरण एका फोनचे नसते. हीच सवय वीस कोटी फोनना लागली, तर वर्षाला नव्वद कोटी युनिट लागतील. औष्णिक केंद्रात एका युनिटामागे पाऊण किलोच्या आसपास कोळसा जळतो. त्या मानाने हा सहा लाख टनांहून अधिक कोळसा झाला. म्हणजे कोळशाच्या दीडशेहून अधिक मालगाड्या. कोरब्याचा कोळसा आणि कोरब्याची वीज ज्या राज्याने जवळून पाहिली आहे, तिथल्या माणसाला हा आकडा कागदी वाटत नाही. देशाच्या वार्षिक वीजनिर्मितीच्या तुलनेत तो किरकोळ आहे, हेही तितकेच खरे. तरीही दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवून पाहाव्यात. वितरणातील तांत्रिक व वाणिज्यिक हानी कमी करण्यासाठी केंद्राने २०२१ मध्ये तीन लाख कोटी रुपयांहून मोठ्या आकाराची सुधारणा योजना मंजूर केली. ही हानी देशभरात १५-१६ टक्क्यांच्या आसपास आहे. ती एका टक्क्याने कमी व्हावी म्हणून तारा बदलल्या जातात, मीटर बदलले जातात, अधिकाऱ्यांच्या बैठकांवर बैठका होतात. शेकडो किलोमीटरच्या प्रवासात अशी राखलेली वीज घरात पोहोचल्यावर शेवटच्या दोन बोटांच्या अंतरात आणखी पंधरा टक्क्यांनी झिरपणार असेल, तर निदान त्याची नोंद तरी असायला हवी.

इथे तंत्रज्ञानाला सरसकट दोष देणे अन्यायाचे ठरेल. वेटोळी मोठी असतील, नेमकी समोरासमोर असतील आणि शक्ती भरपूर असेल, तर बिनतारी पुरवठ्याची कार्यक्षमता ९० टक्क्यांपर्यंत जाते. याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. नागपूरची विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था म्हणजे व्हीएनआयटी आणि तिरुवनंतपुरमचे सी-डॅक यांनी मिळून विजेवरच्या वाहनांसाठी संपूर्ण देशी बनावटीचा बिनतारी चार्जर विकसित केला. केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाने २०२५ मध्ये त्याचे तंत्रज्ञान उद्योगाकडे सुपूर्द केले. त्याची शक्ती दीड किलोवॅट आहे. दोन वेटोळ्यांमध्ये साडेबारा सेंटिमीटर अंतर असूनही त्याची कार्यक्षमता सुमारे ८९ टक्के आहे आणि ४८ व्होल्टची बॅटरी तो तीन तासांत ९० टक्क्यांपर्यंत भरतो. घरातल्या साध्या २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर तो चालतो. फोनची तबकडी काही मिलिमीटरवर जी वीज गमावते, त्याच्या निम्म्याहून कमी वीज हे यंत्र त्याच्या कितीतरी पट अंतरावर गमावते. कारण उघड आहे. वाहनाच्या यंत्रात वेटोळी मोठी आहेत आणि एकमेकांसाठी काळजीपूर्वक आखलेली आहेत. फोन मात्र झोपेच्या अमलात कसाही टाकला जातो. तो बोटभर सरकला, तरी वीज वाया जाऊन उष्णता वाढते आणि ती उष्णता बॅटरीचे आयुष्य खाते.

खंडी, रूळ आणि गोल पिना

रायपूरच्या ब्राह्मणपारा या जुन्या वस्तीत मी राहतो. शेजारच्या तात्यापाऱ्याप्रमाणेच मराठी घरांच्या आठवणी या भागाला चिकटलेल्या आहेत. १७४१ मध्ये भास्करपंतांच्या स्वारीनंतर नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडात शिरला आणि १७५८ पासून बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरातून इथला कारभार पाहिला. इतिहासाच्या विद्यार्थ्याला या संक्रमणात लढायांपेक्षा मापे अधिक बोलकी वाटतात. इथल्या धान्याच्या व्यवहारात वीस काठे म्हणजे एक खंडी, तर महाराष्ट्रात वीस मण म्हणजे एक खंडी. शब्द एकच, पण माप निराळे. अशा ठिकाणी ज्याच्या हाती माप, त्याच्या पदरात नफा पडतो. स्वतंत्र भारताने १९५६ मध्ये वजनमापांचा कायदा करून दशमान पद्धत आणली, ती या गोंधळाला आळा घालण्यासाठी.

प्रमाण एकदा रुजले, की त्याची मुळे राजवटींहून खोल जातात. रायपूर-धमतरी मार्गावर विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर अडीच फुटी अरुंद रूळ टाकले गेले. बाहेरून येणारा माल आणि प्रवासी रायपूरला गाडी बदलत राहिले. इंग्रज गेले, मध्य प्रदेश झाला, छत्तीसगड वेगळा झाला, तरी तो अरुंद रूळ चालतच होता. शहरातल्या त्या मार्गाच्या जागेवर आता द्रुतगती रस्ता धावतो. एका स्वस्त निर्णयाची किंमत चार पिढ्यांनी गाडी बदलून चुकती केली. भारतीय रेल्वेने १९९२ मध्ये एकच रुंदी आणण्याचा कार्यक्रम हाती घेतला, तो याच कारणाने.

हीच कथा आपल्या भिंतीवरच्या प्लगची आहे. तीन गोल पिनांची जी खाच आपण वापरतो, ती मूळची ब्रिटिश मानकाची. खुद्द ब्रिटनने १९४७ मध्ये चौकोनी पिना आणि आत फ्यूज असलेले नवे प्रमाण स्वीकारले. आपण त्याच वर्षी स्वतंत्र झालो आणि जुनी गोल पिन मात्र सांभाळून ठेवली. आयएस १२९३ या भारतीय मानकात ती आजही आहे. आमच्या गल्लीतल्या जुन्या घरांमध्ये सागवानी पाटीवर पाच आणि पंधरा अँपिअरच्या खाचा शेजारीशेजारी आढळतात. परदेशी चार्जरची चपटी पिन त्यात सैल बसते म्हणून खाली घडी केलेला कागद कोंबला जातो. प्लग तुटला, तर उघड्या तारा खाचेत घालून आगपेटीच्या काडीने पक्क्या करणारे महाभाग अजून आहेत. मानक कागदावर असते. अपघात होतो तो त्या काडीपाशी.

बिनतारी विजेच्या बाबतीत आपण आज नेमके त्या वळणावर उभे आहोत. ‘ची’ प्रमाणाने सुरुवातीच्या दोन प्रतिस्पर्धी गटांवर मात केली, ती कोणा शासनाच्या आदेशाने नव्हे. २०१७ मध्ये अ‍ॅपलने ते स्वीकारले आणि पुढच्याच वर्षी विरोधी गटाचा आधारस्तंभ असलेली पॉवरमॅट कंपनी त्याच छावणीत दाखल झाली. फोनपुरते प्रमाण एक झाले, हे बरे झाले. पण ते ठरले खासगी कंपन्यांच्या बैठकीत. मनगटी घड्याळे, ब्रश आणि दाढीची यंत्रे यांच्या तबकड्या अजूनही बहुतेक ज्याच्या त्याच्या आहेत. एकाची दुसऱ्याला चालत नाही आणि ती बिघडली, की चांगले उपकरणही कचऱ्यात जाते.

तार जिथे नकोच

मग बिनतारी विजेचा आग्रह कुठे धरावा? माझ्या मते, तार जिथे केवळ गैरसोयीची नसून धोक्याची किंवा अशक्य आहे तिथे. याचे सर्वांत लखलखीत उदाहरण कॉक्लिअर इम्प्लांटचे आहे. जन्मतः ऐकू न येणाऱ्या बाळाच्या कवटीत त्वचेखाली बसवलेल्या यंत्रात बॅटरी नसते. कानामागे चुंबकाने चिकटणारे बाहेरचे वेटोळे त्वचेच्या आरपार वीज आणि आवाजाचा संकेत, दोन्ही आत पाठवते. केंद्राच्या एडिप योजनेतून आणि छत्तीसगडच्या मुख्यमंत्री बाल श्रवण योजनेतून गरीब घरांतील मुलांना ही शस्त्रक्रिया मिळते. राज्यसंस्थेने केलेल्या मोजक्या निर्विवाद पुण्यकर्मांत मी तिची गणना करतो.

पण आतले यंत्र दशकानुदशके टिकेल अशा बेताने बनवलेले असते. बाहेरचे वेटोळे, त्याची केबल आणि प्रक्रियायंत्र तसे नसते. शाळकरी मूल पडते, घामेजते, पावसात भिजते. बाहेरचा भाग बिघडला, की आतले यंत्र शाबूत असूनही मूल पुन्हा निःशब्दतेत जाते. वेगवेगळ्या उत्पादकांची वेटोळी वेगवेगळ्या वारंवारितांवर चालतात. एकाचे दुसऱ्याला लागत नाही. त्यामुळे सुटा भाग त्याच उत्पादकाकडून, त्याने सांगितलेल्या किमतीला घ्यावा लागतो. शस्त्रक्रिया सरकारने केली, पण केबलचा खर्च मजुरी करणाऱ्या बापावर आला. दोन वेटोळ्यांमधल्या काही मिलिमीटर त्वचेवर एका मुलाची वाचा अवलंबून असते. तिथे मानक हा तांत्रिक समितीचा विषय उरत नाही, तो न्यायाचा विषय होतो.

दुसरे क्षेत्र ओल्या जागांचे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी बारा हजारांहून अधिक माणसे दगावतात. यातले सगळे मृत्यू घरातल्या उपकरणांमुळे होत नाहीत. शेतातल्या मोटारी आणि लोंबकळणाऱ्या तारा यांचाही त्यात वाटा आहे. तरीही न्हाणीघरातला पाण्याचा रॉड आणि ओट्यावरचा मिक्सर यांची भीती प्रत्येक घराला ठाऊक आहे. ज्या उपकरणाला उघडी पिनच नाही, जे ओट्याखालच्या वेटोळ्यातून वीज घेते आणि उचलताच मृत होते, ते या दृष्टीने नक्कीच सुरक्षित. मात्र त्यापूर्वी करण्याचे स्वस्त काम राहूनच गेले आहे. नीट अर्थिंग आणि तीस मिलिअँपिअरच्या गळतीला क्षणात तुटणारे स्विच घरोघर बसले, तर बिनतारी मिक्सर येण्याची वाट न पाहता कित्येक जीव वाचतील. नवे यंत्र हा जुन्या हलगर्जीपणावरचा उपाय नव्हे.

वृद्ध आणि अपंग यांचा विचारही इथेच करावा. थरथरत्या हाताला किंवा क्षीण दृष्टीला बारीक खाचेत पिन बसवणे ही रोजची परीक्षा असते. फोन नुसता ठेवला की भरतो, ही त्यांच्यासाठी चैन नाही. त्यांच्या साडेचार युनिटांचा हिशेब कोणी मागू नये.

शासनाने काय करावे

शासनाने या तंत्रज्ञानाला अनुदान देऊ नये आणि त्यावर बंदीही घालू नये. त्याचे काम माप ठरवणे हे आहे, आणि त्यासाठी पुढील पाच गोष्टी करता येण्याजोग्या आहेत.

पहिली, खोक्यावर खरी माहिती. तबकडीवर ‘१५ वॅट’ एवढेच छापलेले असते. भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती बॅटरीत पोहोचते आणि रिकामी असताना तबकडी किती वीज खाते, हे दोन आकडे ठळक छापणे बंधनकारक करावे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या ताऱ्यांनी फ्रिज आणि वातानुकूलन यंत्रे निवडण्याची दृष्टी ग्राहकाला दिली. तीच पद्धत इथे लावता येईल.

दुसरी, सार्वजनिक खरेदीची शिस्त. रेल्वेचे डबे, विमानतळ, शासकीय विश्रामगृहे येथे बिनतारी तबकड्या बसवायच्या असतील, तर त्या खुल्या प्रमाणाच्याच असाव्यात. सरकार हा सर्वांत मोठा ग्राहक आहे. त्याच्या निविदेतली एक ओळ बाजाराला जे शिकवते, ते दहा परिपत्रकांना जमत नाही.

तिसरी, भारतीय कसोटी. तबकडी आणि फोन यांच्यात धातूची वस्तू अडकली, तर ती तापते. चांगली तबकडी ती ओळखून बंद पडते. ही ओळख तपासण्यासाठी ठरलेल्या नमुना-वस्तू वापरल्या जातात. आपल्या चाचण्यांत बांगडी, किल्ल्यांचा जुडगा, स्टीलची वाटी आणि साडीची पिन यांचाही समावेश असला पाहिजे, कारण आपल्या ओट्यावर आणि उशाशी त्याच असतात. ओट्याखाली दोन किलोवॅटचे वेटोळे आले, की हा विषय बोट भाजण्यापुरता राहणार नाही. हृदयात पेसमेकर असलेल्यांनी चुंबक असलेले फोन व उपसाधने छातीपासून सहा इंच दूर ठेवावीत, असा सल्ला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ मध्ये दिला. अशी सूचना आपल्याकडे खोक्यावर मराठीसह स्थानिक भाषांत हवी.

चौथी, दुरुस्तीचा हक्क. ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये या हक्काचा विषय हाती घेतला. बिनतारी चार्जिंगवर विसंबून पूर्णपणे बंदिस्त केलेली, बॅटरी बदलताच येणार नाही अशी उपकरणे वाढणार आहेत. जिथे तार लावण्याची पर्यायी खाचही नाही, तिथे तबकडी हा सुटा भाग मानून तो ठरावीक वर्षे उपलब्ध ठेवण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकावी.

पाचवी आणि सर्वांत तातडीची, सरकारी पैशाने बसवल्या जाणाऱ्या वैद्यकीय यंत्रांची. कॉक्लिअर इम्प्लांटच्या खरेदी करारातच बाहेरच्या भागांची किंमत, पुरवठा आणि बदली यांची किमान दहा वर्षांची हमी बांधून घ्यावी. यासाठी नवा कायदा लागत नाही. निविदेत एक कलम लागते.

यावर दोन आक्षेप येतात. शासनाने लवकर प्रमाण ठरवले, तर नावीन्य गुदमरते, हा पहिला. युरोपीय संघाने २०२२ मध्ये समान चार्जरचा कायदा केला आणि २०२४ च्या अखेरीपासून फोनना टाइप-सी खाच सक्तीची केली, तेव्हाही असेच म्हटले गेले. फोन बनायचे थांबले नाहीत. आपल्या भारतीय मानक ब्युरोनेही जानेवारी २०२३ मध्ये टाइप-सीचे मानक प्रसिद्ध केले. शिवाय मी पद्धत ठरवायला सांगत नाही, माप ठरवायला सांगतो. वेटोळे गोल असो वा चौकोनी, किती वीज वाया जाते ते सांगा, इतकेच. दुसरा आक्षेप असा, की एवढ्या किरकोळ विजेसाठी यंत्रणा कशाला राबवायची. त्याला उत्तर रुळांनी आणि प्लगने दिलेले आहे. प्रमाण ठरवण्याचा खर्च सुरुवातीला नगण्य असतो. वस्तू घरोघर पोहोचल्यावर तोच अवाढव्य होतो. चीनने बिनतारी चार्जिंगच्या वारंवारिता आणि शक्ती यांवर नियम करून ते सप्टेंबर २०२४ पासून लागू केले आणि फोनसारख्या उपकरणांसाठी ८० वॅटची कमाल मर्यादा घातली. हे त्यांनी लाडाने केले नाही. बाजारपेठ मोठी असली, की नियम लिहिणाऱ्याच्या शब्दाला वजन येते, हे त्यांना ठाऊक आहे.

आपलीही बाजारपेठ लहान नाही आणि बुद्धीचीही वानवा नाही. नागपूरच्या प्रयोगशाळेने ते सिद्ध केले आहे. उणीव आहे ती दिल्लीतल्या पाच खात्यांना एका टेबलाशी बसवण्याची. वारंवारितेचा विचार दूरसंचार विभागाकडे, कार्यक्षमतेचा ऊर्जा मंत्रालयाकडे, मानकाचा ग्राहक व्यवहार विभागाकडे आणि इम्प्लांटचा सामाजिक न्याय व आरोग्य विभागांकडे आहे. प्रत्येकाच्या दृष्टीने विषय लहान, म्हणून कोणाचाच नाही. सनदी सेवेत इतकी वर्षे काढल्यावर एवढे नक्की सांगू शकतो, की देशाला महाग पडणारे निर्णय पुष्कळदा मोठ्या वादात अडकलेले नसतात. ते कोणाच्याच टेबलावर नसलेल्या नस्तीत पडून असतात. ही नस्ती आज पातळ आहे आणि एका बैठकीत निकाली निघू शकते. पाचव्या शिफारशीपासून सुरुवात केली, तर तिचा लाभ पहिल्या दिवसापासून मुलांच्या कानांपर्यंत पोहोचेल.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी असून रायपूर येथे वास्तव्यास आहेत.)